कुणाच्या श्वासाचं भाषण

छत्री दुरुस्त करणाऱ्याच्या टपरीपुढे ती उभी होती, आणि पाऊस असा पडत होता की हात बाहेर काढल्याशिवाय तो पडतोय हे कळू नये. ऋतू त्याचा नव्हता. वाट चुकून आला होता बिचारा, आणि आता थांबावं की जावं हे त्याचं त्यालाच ठरवता येत नव्हतं.

"काय झालंय हिला?" दुरुस्तीवाल्याने छत्री उलटीपालटी करत विचारलं.

"एक काडी मोडलीय स्वल्पविराम कापड चांगलं आहे पूर्णविराम," ती म्हणाली.

दुरुस्तीवाल्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तिने जीभ चावली. मागे कुणीतरी हसू दाबलं, ते खोकल्यासारखं बाहेर आलं.

"आणि उद्गारचिन्ह?" मागच्या आवाजाने विचारलं.

"त्याची गरज नव्हती," ती न वळताच म्हणाली. कान मात्र तापले होते.

"छत्री मोडली म्हणजे एखादं तरी हवंच हो..."

आता वळणं भाग होतं. तिशी ओलांडलेला एक माणूस. इस्त्रीचा शर्ट, भिजलेली कॉलर, आणि दोन्ही हातांवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक भलीमोठी काळी छत्री. तान्ह्या बाळाला दवाखान्यात आणावं तशी त्याने ती धरली होती.

"ही तुमची?" तिने विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"तसं म्हटलं तर आहे. तसं म्हटलं तर नाही."

"छत्री एक तर आपली असते, नाहीतर ढापलेली असते."

"तिसराही एक प्रकार असतो," तो म्हणाला. "साहेबांची असते."

साहेब म्हणजे नगराध्यक्ष. काल एका उद्घाटनाला वाऱ्याने त्यांची छत्री सगळ्यांदेखत उलटी झाली होती. ज्यांना छत्री सांभाळता येत नाही ते शहर काय सांभाळणार, असं विरोधक म्हणायच्या आत ती गुपचूप दुरुस्त करून ठेवायची होती.

"गुपचूप?" ती म्हणाली. "मला तर सगळं सांगून टाकलंत."

तो गोंधळला. स्वतःच्याच बोलण्याकडे मागे वळून पाहावं तसा क्षणभर थांबला. "खरंच की. असं होत नाही माझं सहसा."

तो साहेबांची भाषणं लिहायचा. ती शब्दकोशाच्या कार्यालयात मोठ्याने वाचायची. छापायला जाण्याआधी कोशाचं प्रत्येक पान असं तपासलं जातं. एकाने मूळ प्रत वाचायची, खणखणीत, एकेका चिन्हासकट. दुसऱ्याने समोर प्रूफ धरून लाल पेनाने चुका टिपायच्या. म्हणून तिच्या तोंडी स्वल्पविराम बसलेले, आणि कधीकधी ते असे रस्त्यावर सांडायचे.

"म्हणजे तुम्ही दिवसभर दुसऱ्यांचे शब्द बोलता," तो म्हणाला.

"आणि तुम्ही दिवसभर दुसऱ्याच्या तोंडचे शब्द लिहिता."

पाऊस जरा मोठा झाला, दोघांच्या मध्ये पडल्यासारखा.

*

कोशाचं कार्यालय ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, छतापर्यंत कपाटं, आणि एक खिडकी जी उघडली की बंद होत नसे आणि बंद केली की उघडत नसे. इंग्रजी शब्दांचे आपल्या भाषेतले अर्थ तिथे गोळा होत होते. किती वर्षं, ते विचारलं की अण्णा चिडायचे. अण्णा म्हणजे संपादक. वयाने सत्तरीपुढचे, चष्मा कपाळावर ठेवून तो शोधत फिरणारे. सुरुवातीला इथे बरीच माणसं होती म्हणे. कुणी निवृत्त झालं, कुणी कंटाळलं. आता अण्णा होते आणि ती होती, आणि इंग्रजी वर्णमालेतलं एस हे अक्षर होतं. ते काही केल्या संपत नव्हतं.

ती चांगली वाचायची. आवाज मोठा नव्हता, पण स्वच्छ होता. श्वास लहान होता. चारपाच शब्दांमागे ती अलगद थांबायची, मग पुढचे चारपाच. जिना चढताना माणसं कठड्याला हात लावतात ना, तसं काहीसं.

पण संध्याकाळी कुलूप लावलं की तो आवाज तिच्या काहीच कामाचा उरत नसे. भाड्याची एक खोली होती. खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची पाठ. घसा दिवसभर वापरून थकलेला, आणि तरी दिवसात आपण एकही वाक्य आपलं बोललो नाही ही रुखरुख. आई होती तोवर फोन असायचा. "जेवलीस का?" एवढंच विचारायची, पण त्याला "हो" म्हणताना तो "हो" तरी स्वतःचा असायचा. आता भावाकडून वहिनीचा फोन यायचा, आठवड्यातून एकदा, आणि त्यात काळजी कमी नसायची. पण ती काळजी फार रीतसर होती, पाहुण्याला आग्रह करावा तशी.

"वन्सं, किती दिवस असं एकटीने काढणार? इकडे या. मागची खोली आहे की."

"बघू, वहिनी."

मागच्या खोलीत शिवणयंत्र होतं, जुन्या गाद्या होत्या, मुलांच्या मोडक्या सायकली होत्या. त्या सगळ्यांच्या मध्ये आपणही एक. तिला ती खोली डोळे मिटूनही दिसायची.

*

पुढच्याच आठवड्यात साहेबांची छत्री घेऊन आलेला तो माणूस जिना चढून वर आला. हातात घडी केलेलं वर्तमानपत्र.

"अर्थ विचारायला आलोय," तो अण्णांना म्हणाला. पाहिलं मात्र तिच्याकडे.

विरोधकांच्या वर्तमानपत्राने अग्रलेखात साहेबांविषयी लिहिलं होतं की त्यांच्याजवळ असामान्य 'स्टेटक्राफ्ट' आहे. साहेबांनी सकाळपासून तीनदा विचारलं होतं, हे कौतुक आहे की शिवी? कौतुक असेल तर आभार मानायचे होते. शिवी असेल तर खुलासा करायचा होता. आणि काय आहे ते कळेपर्यंत चेहरा कसा ठेवायचा, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

अण्णांचा चष्मा कपाळावरून आपोआप डोळ्यांवर आला. अर्थ विचारायला कुणी या खोलीत कित्येक वर्षांत आलं नव्हतं.

"बसा, बसा. अहो, आम्ही त्याच शब्दापाशी अडकलोय! बाळ, ते पान काढ."

अण्णा तिला बाळच म्हणायचे. तिने पान काढलं.

"दोन तुकडे आहेत," अण्णा म्हणाले. "स्टेट म्हणजे मुळात उभं असण्याची रीत. लॅटिनमधून आलाय. माणूस कसा उभा आहे, घर कसं उभं आहे, ते. मग हळूहळू राज्य उभं राहिलं. आणि क्राफ्ट... हा खरा गमतीदार. फार जुन्या इंग्रजीत क्राफ्ट म्हणजे बळ. ताकद. जर्मन लोक आजही तोच शब्द ताकदीलाच वापरतात. इंग्रजांकडे मात्र त्या बळाचं आधी कसब झालं. हाताचं कसब, मग डोक्याचं कसब. आणि डोकं आलं म्हटल्यावर पुढे काय होणार?"

"लबाडी," ती म्हणाली.

"लबाडी! शब्द वयात येतो तसा बिलंदर होत जातो, माणसासारखाच."

"मग साहेबांना काय सांगू? कौतुक की शिवी?"

"दोन्ही," अण्णा खुशीत म्हणाले. "लिहिणारा हुशार आहे. राज्य चालवण्याचं कौशल्य, हा सरळ अर्थ. पण आतल्या गाठीची माणसं तो शब्द वापरताना ओठाच्या कोपऱ्यातून हसतात. आपल्याकडचा मुत्सद्दी तसाच नाही का? आता मुत्सद्दी म्हटलं की दरबार, डावपेच, मोठमोठे तह डोळ्यांपुढे येतात. मुळात कोण? लिहिणारा कारकून. बस्स. अरबीतून आला तेव्हा बिचारा हिशेब आणि टिपणं लिहीत होता."

"म्हणजे मूळ अर्थाने मी मुत्सद्दी," तो म्हणाला.

"आणि पुढच्या अर्थाने?" तिने विचारलं.

तो हसला. "त्यावर सविस्तर विचार करून योग्य वेळी उत्तर देण्यात येईल."

तिला हसू आलं. आणि ते आलं याचंच तिला जास्त नवल वाटलं. या खोलीत ती मोठ्याने वाचायची, मोठ्याने हसल्याचं तिला आठवत नव्हतं.

जाताना त्याने अण्णांना विचारलं, थोडा वेळ वाचन ऐकत बसलं तर चालेल का. अण्णांनी खुर्चीवरचा गठ्ठा उचलला. तो बसला. ती वाचू लागली, स्वल्पविराम, अर्धविराम, कंस सुरू, कंस पूर्ण. आणि मधेच एकदा मान वर केली, तर तो डोळे मिटून बसलेला. झोपलाय असं तिला वाटलं. पण ती जिथे थांबायची, तिथे त्याचं बोट खुर्चीच्या हातावर अलगद टेकत होतं.

*

मग तो येऊ लागला. कारणं रीतसर असायची. कधी 'सर्वसमावेशक'ला सोपा शब्द हवा असायचा, कधी अण्णांची तब्येत विचारायची असायची. अण्णा म्हणायचे, "अरे माझ्या तब्येतीची एवढी काळजी माझ्या मुलाने केली असती तर तो परदेशी गेलाच नसता." आणि चष्मा शोधायला दुसऱ्या खोलीत जायचे. चष्मा कपाळावरच असायचा.

सुटल्यावर तो तिच्याबरोबर बसच्या थांब्यापर्यंत चालायचा. वाटेत एक चहाचं दुकान होतं.

"चहा घेणार की कॉफी?" तिने पहिल्या दिवशी विचारलं.

"दोन्हींचे आपापले गुण आहेत."

"ते मला माहीत आहे. तुम्हाला काय हवंय?"

"दुकानदाराला जे सोयीचं..."

"अहो, तुम्हाला कधी काही हवं असतं की नाही?"

त्याने टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याशी चाळा केला. "सवय गेली," तो म्हणाला. "बारा घरचे बारा जण समोर बसलेले असतात. एकाला हो म्हटलं की दुसरा रुसतो. मग असं वाक्य लिहायचं की प्रत्येकाला वाटावं, हे आपल्याच बाजूचं आहे. ते जमायला लागलं की हळूहळू... आपली बाजू कुठली होती तेच आठवत नाही."

हे त्याने इतकं सहज सांगितलं की तिला त्याच्या एकटेपणाचा आकारच दिसला. तो तिच्या एकटेपणासारखा नव्हता. तिच्या खोलीत कुणी नव्हतं. त्याच्या खोलीत गर्दी होती, फक्त तो नव्हता.

"कॉफी सांगते," ती म्हणाली. "नाही आवडली तर तोंड वाकडं करा. तेवढं तरी स्वतःचं करा."

त्याने घोट घेतला आणि इतकं प्रामाणिक वाकडं तोंड केलं की दुकानदार धावत आला. तरी पुढेही तो कॉफीच पीत राहिला.

एका सोमवारी वाचायला सुरुवात केल्यावर तिचा आवाज फाटला. ती खाकरली, पाणी प्यायली. तो दाराशीच उभा होता.

"सोमवारी तुमचा आवाज गंजलेला असतो," संध्याकाळी चालताना तो हळूच म्हणाला.

"काहीतरीच."

"खरंच. शुक्रवारी मोकळा असतो. सोमवारी पहिली दोन पानं कुरकुरतो." तो थोडा थांबला. "रविवारी... कुणाशीच बोलत नाही का तुम्ही?"

ती पुढे पाहत चालत राहिली. रविवारी दुपारी ती नळाला "बास झालं" म्हणायची. आवाज आहे ना, एवढं बघायला. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगितलंही नाही. पण कुणीतरी इतक्या बारकाईने आपल्याला ऐकतं आहे हे कळल्यावर माणसाचं काय होतं, ते मला नीट लिहिता येईल असं वाटत नाही. तिची चाल मंद झाली, एवढं खरं. बस आली आणि गेली. दोघांनीही ती पाहिली नाही असं दाखवलं.

*

ग्रंथालयाच्या वर्धापनदिनाचा कार्यक्रम खालच्या सभागृहात होता. साहेब बोलणार होते. तो आदल्या आठवड्यात फारसा फिरकला नव्हता. आला तेव्हा कॉफी न पिताच गेला. भाषणाची गडबड असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. आणि कार्यक्रमासाठी निळी ओढणी काढली. का काढली, ते मात्र स्वतःला सांगितलं नाही.

अण्णांच्या शेजारी, तिसऱ्या रांगेत ती बसली. साहेब उभे राहिले. भरदार माणूस, छाती मोठी, आवाज मोठा. एका दमात सबंध परिच्छेद म्हणून टाकतील असे.

पण ते अडखळत होते.

चारपाच शब्द, आणि थांबा. पुढचे चारपाच, आणि पुन्हा थांबा. साहेब कागदाकडे पाहायचे, घाईने पुढे जायचे, आणि वाक्यच त्यांना अडवायचं. माणसाने आखूड पायऱ्यांच्या जिन्यावरून धावावं तसं चाललं होतं. लोकांना वाटलं, साहेबांना बरं नाही.

तिला कळलं. ते थांबे तिचे होते. जिथे ती श्वास घेते तिथे प्रत्येक वाक्य श्वास घेत होतं. त्याने ते भाषण लिहिताना साहेबांचा आवाज ऐकलाच नव्हता; त्याच्या कानात दुसरंच कुणी वाचत होतं. सभागृहभर, एका जाडजूड माणसाच्या तोंडून, तिचा श्वास चालला होता... आणि ती पापणी न लववता ऐकत राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी तिच्यासाठी शब्द लिहिले होते.

मग शब्दांचा अर्थ तिच्यापर्यंत पोहोचला.

"...शब्दांचं हे घर, आजवर आपण जपलं. आता काळ बदलला आहे, गरजा बदलल्या आहेत. ही जागा, उद्याच्या पिढीसाठी, मोकळी होत आहे..."

कोश बंद होत होता. महिनाअखेरीला. वरच्या दोन खोल्यांत संगणक येणार होते. टाळ्या पडल्या. वाक्य असं होतं की प्रत्येकाला ते आपल्याच बाजूचं वाटावं. अण्णांनीसुद्धा सवयीने दोन टाळ्या वाजवल्या, आणि मग हात तसेच धरून ठेवले.

*

रचून ठेवलेल्या खुर्च्यांच्या बोळात तिने त्याला गाठलं.

"कधीपासून माहीत होतं?"

"तसं पाहिलं तर अंतिम निर्णय..."

"कधीपासून?"

"प्रक्रिया बरेच दिवस चालू होती. मी आतून प्रयत्न करत होतो. दोनदा विषय पुढे ढकलला. वेळ आली की मी..."

"छत्री घेऊन आलात तेव्हा माहीत होतं?"

"नाही!"

"कॉफी प्यालात तेव्हा?"

त्याने नजर रचलेल्या खुर्च्यांकडे वळवली. तेवढं त्याच्या सगळ्या वाक्यांपेक्षा स्पष्ट होतं.

"रोज वर येत होतात," ती म्हणाली. "अण्णा त्या एका शब्दावर डोकं फोडत होते, आणि तुम्ही समोर बसून मान हलवत होतात. किती हुशारी! खरंच, किती कौशल्य!"

"मी तुमच्यासाठीच..."

"माझ्यासाठी एक वाक्य सरळ बोलायचं होतं. तेवढं बळ नव्हतं का?"

ती निघाली. तो हाक मारेल असं तिला वाटलं. त्याने हाक मारली नाही. बहुधा योग्य शब्द शोधत राहिला.

*

नंतरचे दिवस कपाटं रिकामी करण्यात गेले. अण्णा रागावले नाहीत, यानेच ती जास्त खचली. "एस तरी संपवू," एवढंच म्हणाले. सकाळी वाचन, दुपारी गठ्ठे. सुतळीने तिची बोटं सोलली.

तो शब्द आला तेव्हा तिने वाचन थांबवलं. "अण्णा, यात बळ हा अर्थ आधी घाला ना."

"घातला असता, बाळ. पण तो क्राफ्टचा आहे. स्टेटक्राफ्टचा नाही. हा शब्द जन्मला तोवर ते बळ सरून गेलं होतं." त्यांनी लाल पेनाचं टोपण लावलं. "आपल्याला वाटतं ते कोशात घालायचं नसतं. असतं ते घालायचं."

मग खिडकीकडे पाहत ते म्हणाले, "माझ्या घराची पुढची खोली रिकामी आहे. बायको गेल्यापासून तिथे खुर्च्याच बसतात. टी, यू, व्ही... उरलेलं तिथे करीन म्हणतो. तू असलीस तर बरंच. पण तुला अडकवायचं नाही मला. म्हाताऱ्याची दया येऊन थांबू नकोस."

वहिनीचा फोन आला तेव्हा ती "बघू" म्हणाली नाही. "मंगळवारी निघते," म्हणाली. वहिनीला मनापासून बरं वाटलं. मागच्या खोलीतल्या सायकली हलवते, म्हणाली.

अण्णांची दया येणं हे काही थांबण्याचं कारण नव्हतं. दुसरं कारण होतं तर ते जिना चढून वर येत नव्हतं. रोज संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजायची, आणि ती ग्रंथालयाच्या शिपायाची निघायची. चहाच्या दुकानासमोरून जाताना ती रस्ता ओलांडून पलीकडे जायची. आपला श्वास दुसऱ्या कुणाच्या कानात राहून गेलाय, आणि तो माणूस मात्र नाही... रात्री उशीवर डोकं ठेवलं की स्वतःचाच श्वास तिला परका वाटायचा.

*

शनिवारी दुपारी अण्णा पहिले गठ्ठे घेऊन गाडीबरोबर घरी गेले. ती शेवटचं कपाट रिकामं करत होती. पावलं वाजली. शिपायाची नव्हती.

तो दारातच थांबला. दाढी वाढलेली, कॉलर चुरगळलेली. हातात काही नव्हतं. वर्तमानपत्र नाही, फाईल नाही. रिकाम्या हातांचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं.

"साहेब रागावलेत," तो म्हणाला.

"कोशावर?"

"माझ्यावर. म्हणाले, भर सभेत मला दम लागला. आजवर तू माझ्या छातीच्या मापाचं लिहायचास, हे कुणाच्या श्वासाचं भाषण लिहून आणलंस?" त्याने हात खिशात घातले, पुन्हा बाहेर काढले. "तोवर मलाही माहीत नव्हतं. शपथ. घरी जाऊन वाचलं... मोठ्याने. आणि मग..."

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "तिथल्या तिथेच कळलं मला."

त्याने चमकून पाहिलं. "तरी तुम्ही काही बोलला नाहीत."

"तुम्ही बोलायचं होतंत."

खिडकी नेहमीप्रमाणे अर्धवट उघडी होती. बाहेर कुणाच्या तरी सायकलची घंटी वाजली, लांब गेली.

"काल साहेबांना उत्तर दिलं," तो म्हणाला. "म्हटलं, वरच्या मजल्यावर ज्या वाचतात त्यांच्या श्वासाचं आहे. त्यांनी हातातला कागद बाजूला ठेवला. मग म्हणाले, त्यांना हे ठाऊक आहे का? मी नाही म्हटलं. तर म्हणाले, मग इथे माझ्यासमोर काय उभा राहिलायस?"

तिला हसायचं नव्हतं. ओठांनी ऐकलं नाही.

"आता मी जे बोलणार आहे ते लिहून आणलेलं नाही," तो म्हणाला. "त्यामुळे ते... वाईट होणार आहे."

"होऊ द्या."

"मी तुमच्यासाठी गप्प राहिलो असं म्हणालो. ते खोटं होतं. कोश बंद होणार हे सांगितलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी ट्रंक बाहेर काढली असती. मला संध्याकाळी कुणाबरोबर चालायचं होतं. म्हणून गप्प राहिलो. माझ्यासाठी. डावपेच वगैरे काही नव्हतं त्यात, नुसती भीती होती. अण्णांची माफी मागितली आत्ता खाली, ते गाडीवर चढत होते, ते म्हणाले, ती मंगळवारी निघतेय, आधी वर जा." तो दम घ्यायला थांबला, नको तिथे, वाक्याच्या ऐन मध्यात. "मला कॉफी आवडत नाही. चहाच आवडतो. मला... तुम्ही आवडता. तुम्ही जाऊ नका. कोश राहू दे नाहीतर बुडू दे, तुम्ही जाऊ नका. झालं."

इतकं बेढब बोलणं या खोलीत कधी कुणी बोललं नसेल. ना आकार, ना तोल. तिने ते ऐकलं आणि तिच्या हातातली सुतळी सुटली.

"माझा राग गेलेला नाही," ती म्हणाली.

"जाऊ नये. राहू दे त्याला. तो राहील तेवढे दिवस तुम्हीही राहा."

"आणि राग गेला तर?"

"तर... तेव्हा मी दुसरं काहीतरी चुकेन."

तेवढ्यात फोन वाजला. वहिनी. मंगळवारच्या गाडीची वेळ हवी होती. भाऊ आणायला येणार होता.

"वहिनी," ती म्हणाली, "मी येत नाहीये."

"अगंबाई! का हो वन्सं? दुसरी नोकरी लागली का?"

"अण्णांकडे काम आहे तसं. पण त्यासाठी नाही."

"मग कशासाठी?"

तिने सवयीने खाली पाहिलं. समोर मूळ प्रत नव्हती. टेबलावर नुसती धूळ होती, आणि गठ्ठे उचलल्याच्या चौकोनी खुणा. बोलायचं ते तिचं तिलाच शोधायचं होतं, आणि शोधायला वेळ लागत होता. वहिनीचा श्वास फोनवर ऐकू येत होता.

"इथे एक माणूस आहे," ती म्हणाली.

पलीकडे फोन खाली धरल्याची खरखर झाली. मग भावाचा आवाज, "काय म्हणतेय?" आणि वहिनीचा दबका, "थांबा हो, तुम्ही मध्ये बोलू नका!" मग फोन पुन्हा तोंडाशी आला असावा. आवाज बदलला होता. पाहुण्याशी बोलण्याचा राहिला नव्हता. मैत्रिणीच्या कानाशी लागावं तसा झाला होता.

"वन्सं! कसा आहे?"

तिने दाराकडे पाहिलं. त्याचे कान लालभडक झाले होते, आणि तो ते लपवतही नव्हता.

"बोलायला शिकतोय," ती म्हणाली.

"आणि हे आम्हाला आज सांगताय? केव्हापासून चाललंय?"

"त्याचं मला माहीत नाही, वहिनी... माझं मलाच आत्ता कळलं."

वहिनी हसली, आणि मग एकामागून एक प्रश्न सुरू झाले. शिकलाय किती, घरी कोण कोण, उंच आहे का. ती एकेकाला उत्तर देत राहिली, चाचपडत, मधेच चुकत, भलत्याच जागी श्वास घेत. दारातल्या माणसाने थोडा वेळ वाट पाहिली. थांबू का, असं तो विचारेल असं तिला वाटलं.

त्याने विचारलं नाही. कोपऱ्यातली खुर्ची ओढली, बाहीने तिच्यावरची धूळ पुसली, आणि बसला.